कोपऱ्यातला तारककाय

आमच्या कारखान्यातली वनस्पतिपेशी चुकीची आहे, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. चूक आईची होती, म्हणून कोणी तिच्याबद्दल वाकडं बोलत नसे. आणि आई राहिली नव्हती, म्हणून कोणी ती दुरुस्तही करत नसे.

कारखाना आपला म्हणायला. घरामागे पत्र्याच्या छपराच्या दोन खोल्या. एकीत बाबा प्लास्टर कालवतात आणि साचे भरतात, दुसरीत आत्या आणि मी रंगवतो. शाळेच्या प्रयोगशाळेत काचेच्या कपाटात जी मॉडेलं असतात, कापलेला कान, उघडलेलं हृदय, फुलाचा उभा छेद, ती आभाळातून पडत नाहीत. ती आमच्यासारखी माणसं करतात. सगळ्यात जास्त खपते ती पेशी. प्राणिपेशी गोल, ताटाएवढी. वनस्पतिपेशी चौकोनी, कारण तिला भिंत असते.

मी अक्षरं शिकायच्या आधी पेशी शिकले. केंद्रक जांभळं, तंतुकणिका नारिंगी, हरितलवकं हिरवी, गॉल्गी गुलाबी. आत्याचं शिक्षण बेताचं, पण ब्रश हातात घेतला की तिच्या तोंडाला खळ नसे. "हे केंद्रक म्हणजे घरातलं कर्तं माणूस. काय करायचं, कधी करायचं, सगळं इथून सुटतं. ही आंतर्द्रव्यजालिका, म्हणजे घरभर फिरलेली बोळकांडी. तिच्यावर हे बारीक ठिपके दिसतात ना, रायबोझोम, ते प्रथिनं बनवत बसतात. बनलेला माल गॉल्गीकडे जातो, तिथे बांधाबांध होते आणि जिकडचा तिकडे धाडतात. तंतुकणिका म्हणजे चूल. ती विझली की सगळं संपलं. आणि या लयकारिका, झाडलोटीला. जुनं, मोडकं, निकामी असेल ते गिळून टाकतात." मग माझ्याकडे बघून म्हणायची, "तुझ्या खोलीत दोन सोडायला हव्यात."

तारककाय तिला फार आवडायचा. एकमेकांना आडवी ठेवलेली दोन छोटी नळकांडी. पेशीची दोन घरं व्हायची वेळ आली की या जोडीच्या दोन जोड्या होतात, त्या दोन टोकांना जाऊन उभ्या राहतात आणि दोऱ्या ओढून वाटणी सरळ करतात. आत्या त्यांना पंच म्हणायची. फुलझाडांच्या पेशीत हे पंच नसतात, त्यांची वाटणी त्यांच्यावाचून बिनबोभाट होते. आमच्या वनस्पतिपेशीत मात्र होते. पाण्याने भरलेल्या मोठ्या रिक्तिकेच्या आणि भिंतीच्या मधल्या कोपऱ्यात, जिथे काहीच असायला नको, तिथे आईने एक तारककाय चिकटवून ठेवला होता.

बाबा ही गोष्ट आल्यागेल्याला सांगायचे. सांगताना आवाज असा मऊ करायचे की ऐकणारा हसायच्या ऐवजी गप्प व्हायचा. "मी बाहेरून आलो, बघतो तर हिने सगळी अंगकं बसवून टाकलेली. एकदम सुबक काम. म्हटलं, अगं, झाडाच्या पेशीत तारककाय? तर म्हणाली, एवढा मोठा कोपरा, रिकामा बरा दिसत नव्हता." पुढे लगेच तिचं आजारपण आलं आणि ती गेली. त्यानंतर बाबांनी, ज्याच्यावरून साचे घेतात, त्या मूळ नमुन्याला हत्यार लावलं नाही.

मी तेव्हा धड बोलायलाही लागले नव्हते. मला आईची एकही आठवण नाही. हे वाक्य मी इतक्यांदा बोलले आहे की आता ते पाठ केलेल्या कवितेसारखं निघतं, पण खरं सांगायचं तर ते अजून लागतं. बाबांकडे आईच्या आठवणींचं गाठोडं आहे. आत्याकडे आहे. शेजारच्या काकूंकडेसुद्धा आहे. आई त्यांच्याकडून विळी मागून न्यायची आणि परत करायला विसरायची म्हणे. माझ्याकडे आहे ते सगळं उसनं. लहानपणी मी आत्याला विचारायचे, आई माझ्याशी काय बोलायची? आत्या म्हणायची, "तू फार लाडकी होतीस गं तिची." मला राग यायचा. लाडकी काय, सगळ्यांच्याच मुली असतात. मला लाड नको होते, मला एक गोष्ट हवी होती. फक्त आम्हा दोघींत घडलेली, दुसऱ्या कोणाच्या तोंडून न आलेली.

राग मला लवकर येतो. बाबा मला 'ठिणगी' म्हणतात. आत्या म्हणते, खाण तशी माती. तुझा बाप तरुणपणी असाच होता, प्लास्टरच्या खोलीत कोणी पाऊल टाकलं तरी छप्पर डोक्यावर घ्यायचा. आताचे बाबा बघून ते कोणाला पटणार नाही. आता त्यांचा आवाज उतरला आहे आणि हात थरथरतो. कानाचे, दाताचे साचे ते अजून भरतात, पण कोरण्याचं आणि तासण्याचं काम माझ्याकडे आलं आहे.

त्या बाई आल्या तेव्हा मी हरितलवकं रंगवत होते. उंच, सुती साडी, खांद्याला जाड कापडाची पिशवी, आणि पिशवीत आमचीच वनस्पतिपेशी. त्यांनी ती टेबलावर इतक्या जपून ठेवली की मला आधी वाटलं, भांडायला आलेल्या नसाव्यात.

"हे तुमच्याकडचंच ना?" त्यांनी कोपऱ्यावर बोट ठेवलं. "मी जीवशास्त्र शिकवते. परीक्षेत प्रश्न होता, प्राणिपेशी आणि वनस्पतिपेशी यांतला फरक लिहा. अर्ध्या वर्गाने लिहिलं, तारककाय दोन्हींत असतो. मी गुण कापले. तर एक मुलगी कपाटातून हे घेऊन सरळ माझ्या टेबलाशी आली. म्हणाली, बाई, हा बघा. आता काय बोलणार मी?"

"चोर सोडून संन्याशाला फाशी," आत्या ब्रश न थांबवता म्हणाली.

"तेच तर. त्या पोरीने चूक केलीच नव्हती. तिने जे दिसलं ते लिहिलं." बाई बाबांकडे वळल्या. "आमच्याकडे नवी प्रयोगशाळा होते आहे. मॉडेलं मला तुमच्याकडूनच घ्यायची आहेत, काम चांगलं आहे तुमचं. पण हे असं नको."

मी तोंड उघडलं होतं. 'मुलांना पुस्तकं नसतात का' असं काहीतरी चांगलं झणझणीत जिभेवर आलं होतं. पण बाबाच बोलले.

"काढतो," ते म्हणाले. "साचाही झिजलाय, नवा करायचाच आहे. मूळ नमुन्यावरूनच काढून टाकतो. म्हणजे पुन्हा कधी येणार नाही."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. इतकी वर्षं ज्याला कोणाला हात लावू दिला नाही, तो काढायचं हा माणूस भाजीला होकार द्यावा तसं कबूल करून बसला होता.

बाईंना दारापर्यंत सोडायला मी गेले. जाताना त्या थांबल्या. आत्याने त्यांच्या कानावर काय घातलं होतं कोण जाणे.

"ते तुमच्या आईंनी केलेलं होतं, मला माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या. "वाईट वाटून घेऊ नका. तुम्हाला सांगू का, तंतुकणिका आपल्याला आईकडूनच येतात. वडिलांच्या टिकत नाहीत. म्हणजे तुमच्या प्रत्येक पेशीत त्यांचं काहीतरी चालू आहे."

"ते मला माहीत आहे," मी म्हटलं. "पण ते सगळ्यांनाच मिळतं, बाई. शत्रूलासुद्धा मिळतं. आणि आत बघून एकही ओळखता येत नाही की ही तिची."

माझा आवाज चढला होता. बाईंना त्याचं वाईट वाटलेलं दिसलं नाही. त्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला आणि गेल्या. नंतर मला फार लाज वाटली, पण वरातीमागून घोडं.

घरात येऊन मी बाबांना धरलं.

"तुम्ही हो कसं म्हणालात?"

"पोरांचं चुकतंय."

"इतकी वर्षं चुकत नव्हतं?"

"चुकत असेल. कोणी येऊन सांगितलं नव्हतं." ते पिंपातलं पाणी बादलीत ओतत होते, थोडं बाहेर सांडलं. "कोणाची तरी पोर ती पेशी हातात घेऊन बाईंसमोर उभी राहिली, ठिणगे. आपल्या भरवशावर. तुझ्या आईला हे आवडलं नसतं."

"आईला काय आवडलं असतं ते तुम्हाला माहीत आहे. मला नाही. तुमच्याकडे ढीगभर आहे, त्यातलं एक गेलं तर तुम्हाला काय! माझ्याकडे तेवढा एकच तुकडा आहे. रोज रंगवते मी तो. रोज. दुसऱ्या कोणाला दिला आहे का कधी रंगवायला?"

आत्या ब्रश पुसत उभी राहिली. हे खरं होतं. साच्यातून निघालेल्या प्रत्येक वनस्पतिपेशीतला तो कोपरा मी स्वतः रंगवत आले होते, आणि ते दोघांनीही कधी बोलून दाखवलं नव्हतं.

बाबांनी बादली खाली ठेवली. मग म्हणाले, "तूच काढ. माझा हात हलतो. मी काढला तर बाजूची भिंत फुटेल."

मी आठवडाभर अबोला धरला. अबोला म्हणजे जेवायला बसा, पाणी घ्या, एवढं सोडून बाकी नाही. बाबांनी रबरी साच्याचं सामान आणून ठेवलं, मूळ नमुना फळीवरून उतरवला, त्याच्यावरची धूळ ब्रशने काढली आणि माझ्या टेबलावर ठेवून दिला. वर एक शब्द नाही. मी तो पलीकडे सरकवायचे, ते सकाळी पुन्हा अलीकडे आणायचे. शेवटी एका दुपारी आत्याच म्हणाली, "काढ की एकदाचा. दात हलत असेल तर ओढूनच टाकावा."

मूळ नमुना कसा होतो ते सांगायला हवं. चौकोनी पेटीत आधी प्लास्टरचा जाड थर ओतायचा. ते पेशीद्रव्य. तो घट्ट झाला की वेगळी ओतून ठेवलेली अंगकं एकेक करून वर बसवायची आणि कालवलेल्या पातळ प्लास्टरने चिकटवायची. ओतलेला थर घट्ट होत असताना त्याला कोणी हात लावायचा नाही, हा आमच्याकडचा पहिला नियम. प्लास्टर पटकन धरतं. एकदा धरलं की झालेली खूण तिथेच राहते.

मी बारीक पटाशी घेतली. खिडकीजवळ बसले. बाबा समोरच्या स्टुलावर येऊन बसले, मी नको म्हटलं नाही. जिथे तारककाय थराला टेकला होता, तिथे पटाशीची धार लावून हलके हलके ठोकत गेले. माझ्या डोळ्यांत पाणी येत होतं आणि त्यामुळे मला आणखी राग येत होता, कारण डोळ्यांत पाणी असताना कोरायचं नसतं.

तो अपेक्षेपेक्षा सहज सुटला. न फुटता, अख्खा. मी तो तळहातावर घेतला. तुकडा आमच्या प्राणिपेशीच्या साच्यातला होता, तयार पडलेला असणार. मग मी कोपऱ्याकडे बघितलं.

थरात एक भोक होतं.

लहान, खोल, तिरपं गेलेलं. मला वाटलं हवेचा बुडबुडा असेल. प्लास्टर घाईने ओतलं की बुडबुडे राहतात. पण बुडबुडा गोल असतो, आणि याच्या एका बाजूला वळ्या होत्या. मी फुंकर मारून भुकटी उडवली, दिवा जवळ ओढला. बोटाच्या पेराची घडी. तळाशी नखाची कोर, तांदळाच्या कणीएवढी.

"बाबा," मी म्हटलं. आठवडाभरानंतर पहिल्यांदा.

त्यांनी चष्मा वर केला आणि वाकून बघितलं. खूप वेळ बघितलं. प्लास्टरचं काम केलेल्या माणसाला अशा खुणा वाचता येतात. कोण कधी कुठे घाईत होतं, ते सगळं त्याला त्यात दिसतं.

"थर मी ओतला होता," ते हळूहळू म्हणाले. "ओतला, सपाट केला, आणि प्लास्टरची पोती आणायला गेलो. जाताना बजावून गेलो होतो. कोणी हात लावला तर बघा म्हणून. कसल्या तरी गोष्टीवरून आधीच डोकं तापलेलं होतं माझं." त्यांनी भोकाच्या काठावरून बोट फिरवलं. "तू रांगत रांगत सगळीकडे घुसायचीस. आणि घट्ट होताना प्लास्टर गरम लागतं. पोरांना आवडतं ते."

"मग आईने हा वरून लावला."

"पोती घेऊन मी केव्हाही आलो असतो. नवीन थर ओतायला वेळ कुठे होता. भोक बुजवलं असतं तर ओल्या डागाने मला लगेच कळलं असतं. तयार तुकडा समोर पडला होता. लावून दिला." ते थांबले. "आणि मला म्हणाली, कोपरा रिकामा बरा दिसत नव्हता."

त्यांना हसू फुटलं, आणि हसता हसता चष्मा काढून ठेवावा लागला. आत्या दारात येऊन उभी होती. "काय झालं?" तिने विचारलं.

"सगळ्यांना सांगत आलो," बाबा म्हणाले, "की हात सोन्याचा होता पण पुस्तकातलं तिला काही कळत नव्हतं. सगळ्या गिऱ्हाइकांना सांगत आलो. तिला सगळं कळत होतं. तिला मी कळत होतो." मग त्यांचा हात पुन्हा नमुन्याकडे गेला. "हे बघ. इकडे बघ, ठिणगे."

त्यांनी मला काठ दाखवला. बोट घुसताना प्लास्टरची कड वर आलेली असणार. ती सुरीने तासून बेमालूम सपाट केली होती. आणि चिकटवण्यासाठी लावलेलं पातळ प्लास्टर भोकाच्या भोवती कडं केल्यासारखं लागलं होतं. बाहेर बाहेर. आत काही नव्हतं.

"मी असतो तर आधी भोकात भरलं असतं," बाबा म्हणाले. "आत खुंटी बसली की तुकडा पक्का बसतो. कोणीही तेच केलं असतं, ते सोपं आहे. हिने काठाकाठाने लावलंय. एवढी घाई, मी दारात येणार, आणि तरी आत एक थेंब जाऊ दिला नाही. म्हणून तर हा इतका सहज सुटला."

मी तारककाय टेबलावर ठेवला आणि भोकाच्या काठावर दिवा धरला. 

बाबांनी विचारलं, साच्याचं काय करायचं. भोक तसंच ठेवून साचा घेतला तर प्रत्येक पेशीत भोक येणार, आणि मग त्या बाई पुन्हा पिशवी घेऊन येणार. मी म्हटलं, आपण बुजवायचं नाही. ओली माती भरते, वरून सपाट करते, साचा निघाला की माती काढून टाकते. प्लास्टर नाही लावायचं. बाबांनी मान डोलावली. मातीचं नंतर करू म्हणाले आणि आत्याला घेऊन चहा टाकायला गेले. आत्याला चहा टाकायला कधी दोन माणसं लागत नाहीत.

मी एकटी उरले तेव्हा करंगळी आत घालून बघितली. नखाच्या पुढे जात नाही. प्लास्टर थंडगार होतं. मी डोळे मिटून बसले, पुष्कळ वेळ, की काहीतरी आठवेल. ती ऊब, मला मागून उचलणारे हात, 'अगं बाई' असं काहीतरी दबक्या आवाजातलं. बोट पुसताना ती हसली असेल की घाबरली असेल. माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं असेल का? मी रडले असेन का? सुरीने काठ तासताना तिने मला कुठे ठेवलं असेल, मांडीवर की खाली?

काही आठवलं नाही. आठवणार नाही हे मलाही कळतं. पण ते बोट घुसलं तेव्हा त्या खोलीत आम्ही दोघीच होतो, आणि आईने बाबांना काही सांगितलं नाही.